चेहऱ्याबाबत लेखी तक्रार

बदलापूर गाव
७ जानेवारी २०२५

प्रति,
संशोधन अधिकारी,
मानसशास्त्र विभाग, उल्हासनगर.

विषय : माझ्या चेहऱ्याची चुकीची नोंद झाल्याबाबत.

महोदया,

मी मोतीबाई नाथा मढवी, वय ५८, सेवानिवृत्त अंगणवाडी सेविका. शनिवारी ४ तारखेला अंबरनाथला शिवमंदिराजवळच्या सभागृहात तुमच्या संशोधनासाठी मी आले होते. सोबत आमच्या आळीतली सखू होती, पण तिची काही तक्रार नाही. तिला नाश्ता आवडला.

मला खुर्चीत बसवून सहा छोट्या फिल्म दाखवल्या. हत्तीचं पिल्लू चिखलात घसरतं, ती मला फारच आवडली. सगळं संपल्यावर तुमच्यातली चष्मेवाली मुलगी चार्जर लावायला वाकली आणि तिचा लॅपटॉप माझ्याकडे फिरला. त्यावर माझाच चेहरा होता, ठिपक्यांनी भरलेला, आणि बाजूला रंगीत पट्ट्या. मला इंग्रजी फार येत नाही, पण 'हॅपी' आणि 'सॅड' वाचता येतं. हसऱ्या-रडक्या तोंडांचा तक्ता मी एकतीस वर्षं भिंतीवर लावलाय. हत्तीच्या पिल्लाच्या वेळी सॅडची पट्टी ६८ आणि हॅपीची ४ होती.

हे खोटं आहे. त्या वेळी मी आनंदात होते.

तरी नोंद दुरुस्त करावी आणि 'सदर महिला आनंदी होती' असं कॉलेजच्या शिक्क्यानिशी लेखी द्यावं, ही विनंती. महाशिवरात्रीच्या आत मिळालं तर उपकार होतील. तुम्ही दिलेल्या कागदावरच्या फोन नंबरवर तीनदा लावला, कोणी उचलत नाही. तक्रार टपालाने करावी असंही त्याच कागदावर छापलंय, म्हणून हे पत्र.

आपली विश्वासू,
मोतीबाई मढवी


उल्हासनगर
१५ जानेवारी २०२५

आदरणीय मोतीबाई,

नमस्कार. तुमचं पत्र मिळालं. ती चष्मेवाली मुलगी मीच. माझं नाव नेत्रा गायकर, मी इथे पीएचडी करते.

आम्ही जे सॉफ्टवेअर वापरतो ते भुवया, पापण्या, ओठांचे कोपरे यांची हालचाल टिपतं आणि दर सेकंदाला कुठली भावना किती, याचा आकडा देतं. तो पडदा तुम्हाला दिसायला नको होता. चूक माझी, मनापासून सॉरी. पण नोंद बदलणं आमच्या हातात नाही. नोंदीवर कोणाचं नावही नसतं, नुसता क्रमांक असतो. तुमचा तेवीस. त्यामुळे शिक्क्याचं पत्र देता येणार नाही.

एक गोष्ट मात्र संशोधन बाजूला ठेवून लिहिते. कधी कधी आपण आनंदात आहोत असं आपल्याला वाटतं, पण आत काहीतरी साचलेलं असतं आणि चेहरा ते बोलून जातो. तुम्हाला कोणाशी बोलावंसं वाटलं तर आमच्या कॉलेजच्या समुपदेशन केंद्रात मंगळवारी आणि शुक्रवारी एक ताई बसतात. पैसे लागत नाहीत. संकोच करू नका.

आपली,
नेत्रा गायकर


बदलापूर गाव
२२ जानेवारी २०२५

चि. नेत्रा,

तुझं अक्षर सुंदर आहे म्हणून रागावले नाही. आणि 'अगं' म्हणते, माझ्या अंगणवाडीतली पहिली पोरं आता तुझ्यापेक्षा मोठी आहेत.

शुक्रवारी मी तुमच्या समुपदेशन केंद्रात जाऊन आले. फुकट होतं, शिवाय सखूला उल्हासनगरच्या कॅम्पात फर्निचर बघायचं होतं. तुमच्या ताई फार मायाळू आहेत. मी खुर्चीत बसले, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि टिश्यूचा डबा पुढे सरकवला. मी म्हटलं, "मला रडायचं नाहीये." त्या म्हणाल्या, "रडलात तरी चालेल." असं आमचं बराच वेळ चाललं. मग त्यांनीच सांगितलं की त्यांची नात काही खात नाही. तिला नाचणीचे डोसे कसे घालायचे ते मी लिहून दिलं. आम्ही दोघी खुशीत निघालो.

आता नीट ऐक. माझ्या ओठांचे कोपरे जन्मापासून खाली आहेत. डोळ्यांच्या पापण्याही उतरत्या. मी हसले तरी ते आतल्या आत हसते, वर पोचत नाही. लग्न होऊन सासरी पाऊल टाकलं तेव्हा सासू दारात म्हणाली, "अगो, कोन मेलाय?" अंगणवाडीत तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा शेरा मारला होता, 'सेविका कामाबाबत नाराज दिसते.' नाराज! मी पगारवाढीशिवाय अकरा वर्षं काढली त्या कामात, आणि रोज वेळेआधी दार उघडायची. फक्त पोरं कधी फसली नाहीत. तीन वर्षांचं पोर माझ्या तोंडाकडे बघून मांडीवर चढायचं. मोठ्यांचं मात्र आयुष्यभर तेच, "काय झालं मोतीबाई, बरं नाही का?"

तेव्हा मला काही साचलेलं-बिचलेलं नाही. मला ते पत्र हवंय, घरगुती कारणासाठी. कारण विचारू नको. पण शिवरात्रीच्या आत हवंय.

फोन नंबर देऊ नको. आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत आणि मुलगा विकास, सून प्रगती, दोघांचे कान चांगले आहेत. पत्रच बरं.

तुझी,
मोतीकाकी


उल्हासनगर
३१ जानेवारी २०२५

प्रिय मोतीकाकी,

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा हसले, नंतर हसू गेलं.

काल मी तुमचं रेकॉर्डिंग पुन्हा उघडलं. एवढे दिवस मी फक्त आकडे बघत होते, व्हिडिओला आवाज आहे हे विसरूनच गेले होते. सॉफ्टवेअरला आवाज लागत नाही, त्यामुळे मीही तो बंद ठेवलेला. काल हेडफोन लावले. हत्तीचं पिल्लू घसरलं आणि तुमचा आवाज आला, "अगो बाय! परला ना बाला! ऊठ, ऊठ!" आणि मग एक हसू. दाबलेलं, खोल, पण चांगलं दहा सेकंद. पडद्यावर तेव्हाही सॅड ६८.

मग मी ते कागद काढले, ज्यावर प्रत्येक फिल्मनंतर तुम्ही स्वतः टिकमार्क केली होती. खरं सांगते, पाकीट फोडलंच नव्हतं. आमच्या गाइड मॅडमचं म्हणणं, आधी मशीनचं बघू, माणसं लिहिताना गोड लिहितात. तुम्ही लिहिलंय 'खूप आनंद झाला', आणि खाली पेनने, 'पिल्लाचं पुढे काय झालं?'

तो हॉल, ते दोन शनिवार, एकूण एक्केचाळीस जणी. सगळ्या पन्नाशीपुढच्या. रात्रीपर्यंत मी सगळे कागद आकड्यांशी जुळवले. एकोणतीस जणींचं जुळत नाही. त्या म्हणतात आनंद, मशीन म्हणतं दुःख.

काकी, मी अडचणीत आहे. सोळा मार्चला पुण्याला परिषद आहे. तिथे मी जे मांडणार होते त्याचं शीर्षकच असं आहे, की पन्नाशीपुढच्या बायका आनंदी दृश्यं बघतानाही दुःखी राहतात. मॅडमना ते फार आवडलंय. त्यांनी चार ठिकाणी सांगून ठेवलंय. मलाही आवडलं होतं. मी त्याच्यावर एक मोठं पोस्टर बनवलंय, कोपऱ्यात संध्याकाळचं चित्र टाकून.

तुम्ही विचारू नको म्हणालात, तरी विचारते. ते पत्र कोणाला दाखवायचंय?

तुमची,
नेत्रा


बदलापूर गाव
५ फेब्रुवारी २०२५

चि. नेत्रा,

आधी पोस्टरवरची ती संध्याकाळ काढून टाक. माझी दुपारसुद्धा नीट झालेली नाही अजून.

आता सांगते. सखूलाही माहीत नाही.

वांगणीला दौलतराव शेलार म्हणून आहेत. अंबरनाथच्या कारखान्यात लेथवर होते, निवृत्त झाल्यावर अर्ध्या एकरात सोनचाफा लावलाय. आठेक वर्षांपूर्वी अंगणवाडीच्या आवारात लावायला रोपं घेऊन आले, मग दर पावसाळ्यात येत राहिले. कधी रोप मेलं म्हणून, कधी जगलं म्हणून. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली, माझे मालक जाऊन चौदा. मी निवृत्त झाले तसे ते घरी येऊ लागले. ओटीवर बसायचे, चहा घ्यायचे, जायचे. त्यांचं बोलणं मला आवडतं. फुलाला भाव किती मिळाला ते सांगत नाहीत, पहिलं फूल कुठल्या फांदीला आलं ते सांगतात.

पंधरा डिसेंबरला आले तेव्हा चहा समोर तसाच ठेवून म्हणाले, "मोतीबाई, मी अजून रोज दोन कपांचं आधण ठेवतो. सवय जात नाही. दुसरा कप घ्यायला तुम्ही याल का? कायमच्या?"

नेत्रा, माझ्या आत ढोल वाजायला लागले. हळदीला वाजतात तसे. तोंडातून अक्षर फुटेना. मी नुसती त्यांच्याकडे बघत राहिले, भरल्या मनाने, आणि माझ्या तोंडाने काय केलं असेल ते तुला आकड्यांत माहीत आहे. त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "माझं चुकलं. माफ करा." चप्पल घातली आणि गेले. चहा तसाच.

तेव्हापासून आले नाहीत. मी कोणाला काय सांगू? या वयात 'अहो थांबा' म्हणून रस्त्यावर ओरडायचं? महिनाअखेरीला त्यांच्याकडचा माणूस एक चाफ्याचं रोप देऊन गेला, तोच म्हणाला, शेठ अंबरनाथला शिवरात्रीच्या जत्रेत रोपं विकून जुन्नरला भाच्याकडे राहायला जाणार आहेत, मळा दुसऱ्याला बघायला देऊन.

आणि त्याच आठवड्यात तुमची जाहिरात बघितली, 'संगणक ओळखतो तुमच्या चेहऱ्यावरच्या भावना.' मला वाटलं, देव पावला. माणसांना नाही कळलं ते मशीनला तरी कळेल. शिक्क्याचं पत्र घेऊन त्यांच्या हातात ठेवीन, म्हणजे बोलायला नको. तर मशीनही त्यांच्याच बाजूचं निघालं.

हस आता.

तुझी,
मोतीकाकी


उल्हासनगर
१३ फेब्रुवारी २०२५

प्रिय मोतीकाकी,

हसले नाही. बसमध्ये वाचलं आणि माझा स्टॉप गेला.

शिक्क्याचं पत्र मी देणार नाही. देऊ शकत नाही म्हणून नाही, तर त्याचा उपयोग नाही म्हणून. आता माझं ऐका. मी तुमच्यापासून एक गोष्ट लपवली होती, मॅडमपासूनही.

फिल्म सुरू करण्याआधी एक मिनिट कोरा पडदा दाखवायचा असतो. माणसाला काहीच विशेष वाटत नसताना तो कसा दिसतो, हे मशीनला समजावं म्हणून. त्याच्याशी ताडून पुढचं मोजायचं. त्या दोन्ही शनिवारी तुम्ही सगळ्या जणी "कधी सुरू होणार गं?" करत होतात, हॉल एक वाजता सोडायचा होता. मी ते मिनिट गाळलं. एक्केचाळीस वेळा. मशीनने तुमच्या सुरकुत्या आणि उतरत्या पापण्या बघितल्या आणि त्यालाच दुःख समजलं. त्याला शिकवताना ज्यांचे चेहरे दाखवले असतील ते बहुतेक माझ्या वयाचे असणार.

सोमवारी मी हे सगळं मॅडमना सांगितलं. एका दमात, उभ्यानेच. कोरं मिनिट, एकोणतीस जणी, तुमचं हसू. त्यांचा चेहरा दगड. एक शब्द नाही. डावा गाल नुसता ओढल्यासारखा. मी मनात म्हटलं, संपलं. घरी येऊन पप्पांना सांगितलं की मी त्यांच्या कॅम्पातल्या दुकानात बसते उद्यापासून. पप्पा म्हणाले, "बस ना, पण गिऱ्हाइकाला सल्ले देऊ नको."

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन. "नेत्रा, काल दाताच्या डॉक्टरकडून थेट आले होते. अर्धं तोंड बधिर होतं, बोलता येत नव्हतं. तू इतकी घाईने पळालीस का? फार चांगलं काम केलंस. आता सगळ्यांचं ते कोरं मिनिट घेऊन ये, जमेल तितक्यांचं. पोस्टर फाडून टाक."

काकी, चेहरे वाचणं हा माझा विषय आहे. पाच वर्षं तेच शिकतेय. आणि मी इंजेक्शनला राग समजले.

म्हणून सांगते, दौलतरावांना पत्र नका दाखवू. तुम्ही सांगा. मला ज्या शब्दांत लिहिलंत त्याच शब्दांत, ढोलांसकट. त्यांनी तुमचा चेहरा बघितलाय. तुमचं उत्तर त्यांनी अजून ऐकलेलंच नाही.

शिवरात्रीला तेरा दिवस आहेत.

तुमची,
नेत्रा


उल्हासनगर
२७ फेब्रुवारी २०२५

प्रिय मोतीकाकी,

तुमचं उत्तर आलं नाही, म्हणून काल मी जत्रेत आले होते. दर्शनाला, असं घरी सांगितलं.

मंदिराकडच्या रस्त्याला, नदीच्या बाजूला, रोपांचं दुकान दिसलं आणि मागे स्टुलावर तुम्ही बसलेल्या. मी लगेच ओळखलं. तुमची मान खाली, चेहरा पार उतरलेला. आणि शेजारी एक उंच गृहस्थ पाठमोरे उभे, टॉवेलने डोळे पुसत होते. गिऱ्हाईक काहीतरी विचारत होतं, त्यांना ऐकूही येत नव्हतं.

मला पुढे यायचा धीर झाला नाही. गर्दीबरोबर तशीच परत फिरले.

काकी, मी तुम्हाला भरीला घातलं. 'तुम्ही सांगा' असं लिहायला सोपं होतं, सहन तुम्हाला करावं लागलं. त्यांनी जायचं ठरवलंच असेल तर तो दोष तुमच्या चेहऱ्याचा नाही. तुम्ही एवढं धाडस केलंत याचा मला अभिमान आहे. मी रविवारी येऊ का? नुसती बसेन तुमच्याजवळ, काही बोलणार नाही.

तुमची,
नेत्रा


बदलापूर गाव
३ मार्च २०२५

चि. नेत्रा,

वेडी आहेस का गं?

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की प्रगती धावत आली, "आई, छातीत दुखतंय का?" मग तिला सगळं सांगावंच लागलं.

ऐक काय झालं ते. तुझं पत्र आल्यापासून रोज मी एक वाक्य पाठ करत होते. जत्रेत सकाळी नवालाच पोचले. दौलतराव गिऱ्हाइकांत अडकलेले. मला बघून त्यांचा हातातला कोयता थांबला. मी गिऱ्हाइकासारखी रांगेत उभी राहिले. माझ्या पुढे एक बाई बेलाच्या रोपासाठी दहा रुपयांवरून घासाघीस करत होती, संपवेना. शेवटी माझा नंबर आला. पाठ केलेलं सगळं गेलं.

मी म्हटलं, "एक चाफा द्या." त्यांनी दिला. मी म्हटलं, "मला राग आला नव्हता."

"काय?"

"डिसेंबरात. मला राग नव्हता आला. वाईटही नव्हतं वाटलं. मला आनंद झाला होता. इतका की बोलता आलं नाही. माझं तोंडच असं आहे, दौलतराव, त्याला मी काय करू?"

त्यांनी कोयता खाली ठेवला. मग म्हणाले, "मोतीबाई, अडीच महिने झाले. इतके दिवस का लावलेत?"

"तुम्ही परत विचारलंत कुठे?"

तेव्हा त्यांनी विचारलं. तिथेच, हातात मातीची पिशवी, मागे गिऱ्हाइकं ताटकळलेली. आणि मी 'होय' म्हटलं. ढोलांच्या वरताण म्हणायचं म्हणून जरा मोठ्यानेच निघालं. शेजारचा वेफर्सवाला टाळ्या वाजवायला लागला. ती बेलवाली बाई परत येऊन म्हणाली, "आता तरी दहा कमी करा!" त्यांनी तिला रोप फुकट दिलं.

मग त्यांनी मला मागे स्टुलावर बसवलं. तू बघितलंस ते तेव्हा. मी माझ्या जन्मात इतकी सुखी कधी नव्हते, बाय. आणि त्यांना तर डोळे आवरेनात. जुन्नरच्या भाच्याला त्यांनी तिथूनच फोन केला.

घरात विकास आधी गप्प झाला. मी धसकले. प्रगतीच म्हणाली, "आई, आम्हाला अंदाज होता. एका रोपाला दिवसातून चार वेळा पाणी कोण घालतं? कुजलं असतं ते." विकास म्हणाला, "मी गप्प यासाठी होतो, की मांडव दारात घालायचा की मैदानात." झालं ते.

रविवारी १६ मार्चला, आमच्याच दारात, सकाळी साडेदहा. तू यायचंस.

आणि तुझं ते कोरं मिनिट. येत्या रविवारी आमच्याकडे मशीन घेऊन ये. त्या दोन शनिवारी आलेल्यांपैकी आमच्या आळीच्या अकरा जणी आहेत, अंबरनाथच्याही मी गोळा करते. एक मिनिट गप्प बसवायचं काम माझ्यावर सोड. मी एकतीस वर्षं पोरं बसवलीत.

तुझी,
मोतीकाकी


उल्हासनगर
१८ मार्च २०२५

प्रिय मोतीकाकी,

तुमच्या ओटीवर जे झालं त्याबद्दल मॅडमना मी अजून नीट सांगू शकलेले नाही. चौतीस बायका आल्या, चौतीसही एक मिनिट गप्प बसल्या, फक्त सखूकाकींना दोनदा बसवावं लागलं. मिनिट संपल्यावर झालेला गलका मला अजून ऐकू येतोय.

माझी परिषद आणि तुमचं लग्न एकाच दिवशी आलं, याचं वाईट वाटतं. पण साडेदहाला मी तिकडे मंचावर उभी होते आणि मनात अक्षता टाकल्या.

मी खरं तेच मांडलं. आधीचे आकडे, माझी चूक, तुमची कोरी मिनिटं आणि नंतरचे आकडे. चौतीसपैकी सत्तावीस जणींचं आता जुळतं. सात जणींचं अजूनही जुळत नाही, आणि त्यात तुम्ही आहात. मी तेही सांगितलं. एक ज्येष्ठ सर उठून म्हणाले, "मग तेवीस क्रमांकाच्या बाबतीत खरं काय, कसं ठरवलंत?" मी म्हटलं, "सर, त्यांना विचारलं." हॉलमध्ये हशा झाला, मग टाळ्या. मॅडम पहिल्या रांगेत होत्या. या वेळी त्यांच्या चेहऱ्याबद्दल मी काही अंदाज केला नाही, नंतर जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, "खूश आहे गं बाई."

आता तुमच्या दिवसाचं सांगा. सगळं. काही गाळू नका.

तुमची,
नेत्रा


वांगणी
२२ मार्च २०२५

चि. नेत्रा,

वरचा पत्ता बघितलास ना? लिहिताना हात जरा थबकला.

सगळं सांगायला लागले तर पाकिटात मावणार नाही. मांडव दारातच घातला. आळीतल्या बायकांनी आदल्या दिवशी हळद लावली, मी नको नको म्हणत होते तरी. लग्नाचा धवला गायला दोन म्हाताऱ्या आल्या होत्या, त्यांनी मला अठराची नवरी करून टाकली. माझ्या अंगणवाडीतली कितीतरी पोरं आली. मोठाली, मिशावाली. त्यातला एक सुकऱ्या, बारवी धरणाच्या वरच्या वाडीतला, आता तलाठी कार्यालयात आहे. पाया पडला आणि म्हणाला, "बाई, आज लय खूश दिसताय." मी त्याला विचारलं, "कशावरून रे?" तर म्हणतो, "दिसतंय की." नेत्रा, तुझ्या मशीनच्या जागी त्याला बसव.

विकासने पंगतीत स्वतः वाढलं. प्रगती निघताना रडली. मीही रडले, आणि गंमत अशी की तेव्हा सगळे म्हणाले, मोतीबाई अगदी शांत होत्या.

लग्नाला अजून आठवडाही झालेला नाही, पण मला महिना झाल्यासारखं वाटतं. दिवसच मोजता येईनासे झालेत. सखू परवा आली होती, चाफ्याची फुलं ओटीत घेऊन गेली आणि म्हणाली, "मना का नाय सांगलास?" दोन तास बोलली नाही. मग जेवली.

इथे सकाळी मळ्यात गारवा असतो. दौलतराव मला रोज एकेका झाडाची ओळख करून देतात, जशी माणसांची करून देतात. मी कधी गप्प झाले तर ते आता अंदाज बांधत नाहीत. थांबतात आणि विचारतात, "मोती, काय वाटतंय?" मी सांगते. सांगायची सवय नव्हती मला, जीभ अडखळते. पण सांगते. ते ऐकतात.

एक मात्र लिहायचंच आहे. लग्न लागल्यावर फोटोवाला आला. तरुण मुलगा, कल्याणहून आणलेला. आम्हाला दोघांना झाडाखाली उभं केलं, कॅमेरा लावला, आणि मग खाली घेतला. म्हणाला, "काकी, जरा हसा ना." मी प्रयत्न केला. "अजून थोडं, काकी." लोक बघायला लागले. तो वैतागून म्हणाला, "काका, तुम्ही तरी सांगा ना त्यांना, एक स्माइल द्या म्हणावं."

दौलतरावांनी वळून माझ्याकडे बघितलं. अगदी नीट, वेळ घेऊन. मग त्या पोराला म्हणाले, "ती हसतेय. तू फोटो काढ."

तुझी,
मोतीकाकी शेलार